‘ण’चा खण

४ ऑगस्ट

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. कॉलेज-मार्गदर्शनाच्या बाई नोकरी सोडून गेल्या. दुसरं कोणी मिळेपर्यंत ते काम ग्रंथालयाकडे. मी म्हटलं, मी ग्रंथपाल आहे, कोणी पुढे काय शिकायचं ते मला कसं कळणार? त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळायला नकोच आहे. कुठे काय लिहिलंय तेवढं दाखवा, बाकी मुलं बघतील." 

दोन खोकी माहितीपत्रकं, एक फाइल आणि भिंतीवर लावायचा एक तक्ता ताब्यात आला. तक्त्यावर एक मुलगा डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा आहे. तक्ता कपाटामागे ठेवला.

बावीस वर्षांपूर्वी मी या शाळेत पुस्तकं सांभाळायला आलो. पुस्तकं तक्रार करत नाहीत, हे तेव्हा मोठं आकर्षण होतं.

१८ ऑगस्ट

दोन आठवड्यांत तीन मुलं आली. एकाला स्वच्छतागृहाची किल्ली हवी होती. एक पावसापायी आत शिरला. तिसरीने विचारलं, "सर, सोपं काय असतं?" मी विचारलं, कशाच्या मानाने सोपं? ती गेली.

मावशी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही चष्म्यावरून बघता. त्यानेच पोरं पळतात." या मावशी म्हणजे ग्रंथालयाच्या मदतनीस; पुस्तकं देणं-घेणं, शिक्के मारणं आणि मला सुनावणं ही कामं त्यांच्याकडे. मुलं माझ्यामागे मला ‘आवृत्ती सर’ म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. कोणी काही वाचलं म्हणालं की मी आधी कितवी आवृत्ती, कोणत्या वर्षीची, ते विचारतो. त्यात हसण्यासारखं काय आहे? जुनी आवृत्ती वाचणं म्हणजे गेल्या वर्षीच्या वेळापत्रकावर गाडी पकडायला जाणं.

१९ ऑगस्ट

जेवताना घरी हा विषय काढला. आमच्या घरात मी आणि कन्या, दोघंच. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. कन्या माझ्याच शाळेत बारावीला आहे, पण मी असताना ग्रंथालयात फिरकत नाही. वर्गातल्यांसमोर बाप नको असतो. मी शिक्षकांच्या सभेला गेलो की येते आणि माझ्या खात्यावर पुस्तकं नेते. स्वतःचं कार्ड तिने कधी काढलंच नाही. नियमात बसत नाही, पण बावीस वर्षांत माझा एवढाच भ्रष्टाचार.

ती म्हणाली, "बाबा, मुलांना तुमच्यासमोर उभं राहून विचारायला नको वाटतं. ते कार्डांचं कपाट रिकामं आहे ना? त्याच्या खणात चिठ्ठ्या टाकू द्या. नाव नाही, गाव नाही. तुम्ही उत्तर त्याच खणात ठेवा."

मी म्हटलं, पोरकटपणा आहे.

२१ ऑगस्ट

एक कल्पना सुचली. संगणक आल्यापासून पुस्तकांच्या कार्डांचं, अक्षरवार खणांचं लाकडी कपाट रिकामं पडलं आहे. मुलांनी हवा तो खण निवडावा आणि प्रश्न टाकावा. मी दोन दिवसांत उत्तर त्याच खणात ठेवीन. नाव लिहायचं नाही. मुख्याध्यापिका चक्क खूश झाल्या. सूचना मी स्वतः लिहून लावली: ‘कोणता खण कोणाचा, हे शोधण्याचा प्रयत्न ग्रंथपाल करणार नाही.’ खाली सही, तारीख, शिक्का.

कन्येला सांगितलं. म्हणाली, "छान सुचलं तुम्हाला." आणि उगीच खोकली.

२ सप्टेंबर

एकवीस चिठ्ठ्या. ‘क’: नापास झालेल्यांना कुठे घेतात? ‘म’: वास्तुरचना आणि स्थापत्य यांत फरक काय? ‘ह’: सर, तुमचं लग्न झालंय का? (उत्तर दिलं: हा प्रश्न संदर्भविभागात बसत नाही.)

गंमत म्हणजे ‘ण’च्या खणातही चिठ्ठी होती. ‘ण’ने सुरू होणारं एकही पुस्तक आमच्याकडे नाही. पण सुताराने मुळाक्षरं पाठ म्हणत खण केले, त्यामुळे ‘ढ’ आणि ‘त’च्या मध्ये तोही आला आणि जन्मभर रिकामा राहिला. तो कोणीतरी मुद्दाम निवडला. चिठ्ठी टाइप केलेली: ‘समुद्राचा तळ मोजतात कसा? प्रकल्पासाठी नाही. मलाच हवंय.’

मला शाळेतल्या निम्म्या मुलांचं अक्षर ओळखता येतं आणि ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून टाइप. हुशार पोरगा दिसतो.

४ सप्टेंबर

‘ण’ला दीड पान उत्तर लिहिलं. नेहमी दहा ओळींत भागवतो. तीन पुस्तकं सुचवली, कोणत्या क्रमाने वाचायची ते सांगितलं, आणि शेवटी: ‘आधी प्रकाशनवर्ष पाहावे. समुद्राचा तळ तोच असतो, पण त्याविषयीचं ज्ञान शिळं होतं.’ हे वाक्य मला आवडलं. दोनदा वाचलं.

१७ सप्टेंबर

‘ण’ तीनही पुस्तकं वाचतोय. त्याचे प्रश्न आता मला पुरून उरतात. काल एका प्रश्नासाठी दोन तास शिडीवर होतो. मावशी खालून म्हणाल्या, "पडाल." मी म्हटलं, पडलो तर योग्य विभागात पडेन.

घरी कन्येला एकाएकी संसाराची हौस आली आहे. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, वरच्या फळीवर काय आणि खालच्या फळीवर काय याची यादी दाराच्या आत चिकटवली. ग्रंथपालाची मुलगी शोभते. मला उकडलेली अंडी, भात आणि एक रस्सा शिकवला. मी म्हटलं, मला कशाला? म्हणाली, "यायला नको का?" हल्ली पुस्तकांनाही खाकी कव्हरं घालते. पुस्तकाची किंमत कळली म्हणायची.

६ ऑक्टोबर

‘ण’ने आज खरा प्रश्न विचारला. सागरविज्ञान शिकायचं आहे, कुठे शिकवतात? फाइल काढली. नाव घेण्यासारखं कॉलेज एकच, किनाऱ्यावर, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. खोक्यातलं माहितीपत्रक उघडून विषय, अटी, वसतिगृह, अर्जाची शेवटची तारीख ३१ डिसेंबर, सगळं नीट उतरवून दिलं. पालकाचं सही केलेलं संमतिपत्र अर्जासोबत लागतं, तेही लिहिलं. कोरा नमुना जोडला.

काम चोख झालं की बरं वाटतं. घरी येताना शीळ घालत होतो असं शेजारीण म्हणाली. मला आठवत नाही.

७ ऑक्टोबर

आक्काचा फोन. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, त्यामुळे तिच्या लेखी मी अजून चड्डीत आहे. "पोरगी पुढे काय करणार?" म्हटलं, इथलं कॉलेज दहा मिनिटांवर आहे, वाणिज्य शाखा चांगली आहे, दुपारी जेवायला घरी येता येईल. "तिला विचारलंस?" म्हटलं, त्यात विचारायचं काय? आक्का नुसती "हं" म्हणाली. तिचं "हं" एक अख्खं भाषण असतं. मी विषय बदलला.

२१ ऑक्टोबर

‘ण’ची चिठ्ठी इथे उतरवून ठेवतो.

‘सर, हा प्रश्न ग्रंथालयाचा नाही. आमच्या घरी माझ्याशिवाय एकच माणूस आहे. ते एकटे पडतील. ते तसं कधी बोलणार नाहीत. त्यांना सोडून इतक्या लांब जाणं बरोबर आहे का?’

तीन मसुदे केले. पहिल्यात उपदेश झाला. दुसरा रूक्ष झाला. तिसरा असा:

‘आपल्या घरची व्यक्ती मोठी आहे. आपण गेल्यावर दोन आठवडे करपलेलं खाईल, मग शिकेल. माणसं स्वतःच्या असहायतेचा फार बाऊ करतात, विशेषतः पुरुष. आपण त्यांच्यासाठी थांबलात, तर त्यांना ते कधीतरी कळेलच, आणि ते कळणं एकटेपणापेक्षा वाईट असेल. जावे. पत्र लिहावे.’

हे लिहिताना मनात काही आलं नाही. उत्तर बरोबर आहे, एवढंच वाटलं. पाकिटात घालून चिकटवलं, कारण मावशींना वाचायची सवय आहे.

३१ ऑक्टोबर

कन्या तीन-चार दिवस गप्प होती. सर्दी असावी, डोळे लाल होते. आज मात्र गोळ्यांची एक डबी आणली, सात वारांचे सात कप्पे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात भरल्या. मी म्हटलं, मी अजून म्हातारा झालेलो नाही. म्हणाली, "म्हणून तर मोठ्या अक्षरांतली नाही घेतली." कोणावर गेली आहे कोण जाणे.

९ नोव्हेंबर

कपडे धुण्याच्या यंत्राचा धडा. मी सगळे कपडे एकत्र टाकले. दोन पांढरे शर्ट आणि एक चादर आकाशी झाली. कन्या हसून हसून स्टुलावर बसली. मग एकदम उठून खोलीत गेली. मी दारावर टकटक केली. म्हटलं, अगं शर्टाचं एवढं काय मनावर घेतेस? आतून म्हणाली, "काही नाही बाबा. पांढरे वेगळे काढायचे, एवढं लक्षात ठेवा."

आज ‘ण’ विचारतो, सही कशी मागायची. उत्तर दिलं: ‘सरळ. प्रस्तावना करू नये. कागद समोर ठेवावा. नाही म्हणाले तर मला कळवावे, मी त्यांच्याशी बोलेन.’ हे शेवटचं माझ्या स्वभावात बसणारं नाही. पण असला बाप भेटलाच, तर दोन शब्द सुनावावेत असं मनापासून वाटतं.

१५ नोव्हेंबर

वार्षिक पुस्तकमोजणी. सव्वीस पुस्तकं सापडत नाहीत, पैकी अकरा शिक्षकांकडे असणार. संध्याकाळी घरी याद्या घेऊन बसलो होतो. कन्येने कसलासा कागद समोर आणून ठेवला. मी आकडा विसरेन म्हणून मान वर न करता चहाचा कप त्यावर टेकवला. थोड्या वेळाने तिने कप उचलला आणि कागद घेऊन गेली. विचारलं, काय होतं? "काही नाही, नंतर बघू." सव्वीसचे सत्तावीस झाले.

२७ नोव्हेंबर

आजपासून बारावीला अभ्यासाची सुट्टी. ग्रंथालयात शुकशुकाट. ‘ण’चा खण दोन आठवडे रिकामा. सही मिळाली की नाही, कळवलं नाही. न कळवण्याचा त्याला अधिकार आहे. तरी रोज एकदा खण उघडतो.

४ डिसेंबर

सकाळच्या टपालाने नवी माहितीपत्रकं आली. लावून ठेवताना किनाऱ्यावरच्या त्या कॉलेजचं सहज चाळलं. अर्जाची शेवटची तारीख: १० डिसेंबर.

 जुनं माहितीपत्रक काढून पाहिलं. गेल्या वर्षीचं. मुखपृष्ठावर, चांगलं बोटभर मोठ्या आकड्यांत वर्ष छापलेलं. बावीस वर्षं जो प्रश्न मी दुसऱ्यांना विचारला, तो त्या दिवशी स्वतःला विचारला नाही.

दुरुस्तीची चिठ्ठी लिहून ‘ण’च्या खणात ठेवली. पण सुट्टीत तो येणार कशाला? माझ्याच शब्दावर विसंबून तो घरी एकतीस तारखेची वाट बघत बसला असेल. सहा दिवस.

५ डिसेंबर

चिठ्ठी तशीच.

मुख्याध्यापिकांना जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लाज वाटली. बारावीच्या सर्व पालकांच्या फोनवर संदेश पाठवला: अमुक कॉलेजच्या अर्जाची मुदत १० डिसेंबर, कृपया पाल्यास कळवावे. दोन मिनिटांत माझ्याही खिशात टिंग वाजलं. आम्हीही पालकच. पुसून टाकला. शाळेच्या संदेशांनी फोन भरून जातो.

मग बसल्या बसल्या लक्षात आलं की याचा उपयोग शून्य. ‘ण’ने घरी सांगितलेलंच नाही. संदेश बापाच्या फोनवर जाणार, आणि बाप तो वाचणारही नाही.

७ डिसेंबर

चिठ्ठी तशीच. रात्री झोप नाही. कन्या म्हणाली, "बाबा, काय झालंय?" म्हटलं, एका मुलाचं माझ्यामुळे नुकसान होतंय. ती म्हणाली, "तुमच्यामुळे? शक्यच नाही." इतक्या खात्रीने म्हणाली की मी उठून दिवा मालवला.

उद्या शोधणार आहे. सूचनेवर सही माझी आहे, शिक्का माझा आहे, हे माहीत आहे. पण शब्द पाळून मुलाचं वर्ष घालवणं हा सोवळेपणा झाला. शोधणं अवघड नाही. मी सुचवलेली तीन पुस्तकं कोणाच्या खात्यावर गेली, एवढंच बघायचं.

८ डिसेंबर

सकाळी साडेनऊला संगणक उघडला. पहिलं पुस्तक: नेले ८ सप्टेंबर, वाचक – ग्रंथपाल. वाटलं, चुकून माझं खातं उघडलं. दुसरं: वाचक – ग्रंथपाल. तिसरं: वाचक – ग्रंथपाल. तीनही अजून परत आलेली नाहीत.

 मावशी मागे येऊन उभ्या होत्या. म्हटलं, मावशी, तुम्हाला माहीत होतं? म्हणाल्या, "शिक्का मीच मारला ना." मग का नाही सांगितलं? "तुम्ही पाटी लावली होती ना साहेब, शोधणार नाही म्हणून."

खणातली चिठ्ठी काढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रस्त्यात बरण्या आठवल्या, गोळ्यांची डबी आठवली, रस्सा आठवला. तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर ती आवराआवर करत होती आणि मी तिला हौस म्हणत होतो. वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, फार वाईट वाटलं. आणि लिहायचंच तर खरं लिहावं, भीतीही वाटली. दोन दिवसांचा प्रवास.

कन्या टेबलाशी अभ्यास करत होती. खाकी कव्हरातली पुस्तकं शेजारी. मी चिठ्ठी समोर ठेवली, प्रस्तावना केली नाही.

तिने वाचली. पांढरी पडली. "दहा? म्हणजे परवा?"

"परवा. मी गेल्या वर्षीचं माहितीपत्रक बघितलं. चूक माझी."

"तुम्ही? आवृत्ती न बघता?" तिला हसू येत होतं आणि डोळे भरले होते, दोन्ही एकदम.

"संमतिपत्र कुठंय?"

तिने वहीतून कागद काढला. बाकी सगळा भरलेला, सहीची जागा कोरी. मधोमध कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ. सव्वीस की सत्तावीस पुस्तकांपायी मी मान वर केली नव्हती, तो कागद. मी म्हटलं, नवा नमुना छापून आणतो. म्हणाली, "नको. चालेल हाच."

पेन हातात घेऊन मी थांबलो. ती बघत होती. हळूच म्हणाली, "सर म्हणाले होते, वडील नाही म्हणाले तर ते बोलतील त्यांच्याशी."

"बोललो मी," मी म्हटलं. "येताना वाटेत. ऐकलं त्यांनी."

"आणि ते एकटे?"

"त्याचं उत्तर तुला ऑक्टोबरातच दिलंय. दुसरी आवृत्ती निघणार नाही."

ती आली आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली. बराच वेळ. आम्हा दोघांनाही याची सवय नाही. मग मी कागदावर तिने भरलेलं वर्ष तपासलं, पुन्हा एकदा तपासलं, आणि वर्तुळाच्या खाली सही केली. नातं: वडील.

संध्याकाळी सव्वासहाला अर्ज गेला. पोहोचल्याची नोंद आली, ती तिने मला दाखवली. प्रवेश मिळेल की नाही ते कॉलेजच्या हातात.

तिचे कपडे दोन दिवसांचे साठले होते. आज धुणं मी लावलं. पांढरे वेगळे काढले.